भिंगरीच्या ताब्याची वही

विहीणबाई,

विमा एजंटाच्या हातून नात पाठवायची ही कुठली रीत? शनिवारी दहाला मी टपाल कचेरीसमोरच्या आपल्या बाकावर बसले होते, तुमची जागा पिशवी ठेवून धरली होती, आणि बघते तर भिंगरीचा हात धरून तुमच्या तळमजल्यावरचा तो विमावाला येतोय. त्याने नात दिली, टाइप केलेल्या कागदावर माझी सही घेतली (‘मूल सुस्थितीत मिळाले’, बस्स, दात नाही, गुडघा नाही, काही नाही), आणि तुमच्या जागेवर बसून माझ्या मरणानंतर घरच्यांना काय काय मिळेल ते अर्धा तास समजावले. माझ्या मरणाची इतकी काळजी माझ्या पोटच्या पोराने कधी केली नाही. भिंगरी कान देऊन ऐकत होती. घरी आल्यावर मला म्हणते, आजी, तू वेळेवर मर हं, नाहीतर हप्ते फुकट जातात.

आता नमस्कार. तो आधी लिहायचा असतो हे मला कळते, पण राग आधी आला. तब्येत कशी आहे? (गुडघ्यांचे मुद्दाम विचारत नाही, ते खाली येईल.) मी ठीक. दाढ दुखते, पण आता एकच उरली आहे, एकटीचे किती ऐकायचे.

तुम्ही का आला नाहीत ते मी ओळखून आहे. वहीचा राग आहे. तर वहीचे मुळापासून सांगते, कारण कोर्टात मला कोणी धड बोलू दिले नाही. मी एकतीस वर्षे लॉन्ड्रीच्या काउंटरवर काढली, हे तुम्हाला बाकावर दहादा सांगून झाले आहे. तिथला नियम एकच. कपडा घेताना गिऱ्हाइकासमोर पसरायचा, डाग असेल, उसवले असेल, बटण गेले असेल ते लिहायचे, खाली सही घ्यायची, मगच टबात टाकायचा. नाहीतर लोक स्वतः सांडलेली शाई आपल्या माथी मारतात. मग कोर्टाने ठरवले की घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहाला पोर आमच्याकडे, रविवारी संध्याकाळी सहाला परत तुमच्याकडे. आणि तुमच्या-माझ्या लेकरांना एकमेकांचे तोंड बघवेना म्हणून ही देवाणघेवाण आपल्या दोघींच्या गळ्यात पडली. तेव्हा माझा हात आपोआप वहीकडे गेला. ‘आली: गुडघा खरचटलेला, जुना. वरचा दात हलता. वेणी फार घट्ट. बूट तोकडे.’ आणि दुसऱ्या दिवशी, ‘गेली: दात पडला, डबीत घालून सोबत दिला. गुडघा बरा. कोपर नवे.’ तुम्ही खाली सही करत होतात. एकदा तर माझीच चूक काढलीत, की खरचटलेला गुडघा डावा नव्हे, उजवा. त्यात कोणाची बदनामी होती का?

पण आमच्या चिरंजीवांनी विजेचे बिल शोधताना ती खणातून उचलली आणि वकिलाला नेऊन दिली. पुढचे तुम्ही पाहिलेच. आमच्या वकिलाने तेवढे ‘आली’ वाचले: आईकडे मुलीची आबाळ होते, गुडघे फुटतात, बूट लहान पडतात, तेव्हा ताबा बापाला द्या. तुमच्या वकीलबाईने तेवढे ‘गेली’ वाचले: बापाकडे गेली की कोपर फुटते, दात पडतो, तेव्हा शनिवार कमी करा. (ज्याला भिंतीत खिळा ठोकता येत नाही, तो काय कोणाचा दात पाडणार.) शेवटी न्यायाधीशबाईंनी वही स्वतःकडे मागून घेतली, चष्मा बदलला, दोन्ही बाजू पहिल्यापासून वाचल्या आणि म्हणाल्या, या वहीप्रमाणे मूल दोन्ही घरी सारखेच पडते. हसला फक्त शिपाई.

मग खर्चाचे निघाले. दोघांनी दोन याद्या दिल्या होत्या. माझ्या लेकाच्या यादीप्रमाणे भिंगरी वाऱ्यावर जगते, आणि तुमच्या लेकीच्या यादीप्रमाणे ती एकटी सहा माणसांचे खाते. बाईंनी दोन्ही याद्या मिटून बाजूला ठेवल्या आणि एवढेच विचारले, की मुलीच्या बुटाचा नंबर काय? माझ्या लेकाने पंख्याकडे पाहिले. तुमच्या लेकीने वकीलबाईकडे पाहिले. मागच्या रांगेतून मी म्हटले बारा, आणि त्याच वेळी पलीकडून तुम्ही म्हणालात तेरा. मी म्हटले बारा. तुम्ही म्हणालात तेरा, मोज्यांसकट. मी म्हटले मोजे काढून. मग शिपायाने आपल्याला गप्प केले. विहीणबाई, हे आपले शेवटचे बोलणे. दीड वर्ष एका बाकावर बसून शेवटचे शब्द बारा आणि तेरा, हे काही मला बरे वाटत नाही.

निकाल तुम्हाला ठाऊकच आहे. पोर आईकडे, शनिवार होते तेवढेच, मोठ्या सुटीचे दोन भाग, शाळेचा खर्च निम्मा-निम्मा, पोटगी बापाने पाच तारखेच्या आत, बूटही बापानेच. दोन्ही वकील तोंड पाडून बाहेर आले, त्यावरून निकाल बरोबर असावा. मी अकराच्या अकरा पाने बोट ठेवून वाचली (शिक्षण चौथीपर्यंतच, पण सवड भरपूर). त्यात आई आहे, बाप आहे, शाळा आहे, बूट आहेत. आजी कुठेच नाही. माझे जाऊ द्या, रोज तिचे केस विंचरता त्या तुम्हीसुद्धा नाही. वकिलाला विचारले तर म्हणतो, आजीचा अर्जच नव्हता. अर्ज करावा लागतो हे मला कोणी सांगितले होते? लॉन्ड्रीत न मागता पावती देत होतो.

आता गुडघे. कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी भिंगरीला सांगितले होते की तुझे घर काढ. तो कागद तिने मला परवा दाखवला. घर काढलेलेच नाही, बाक काढला आहे. मधे ती, एका बाजूला मी, नाक कोबीएवढे, आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही, पाय नाहीत. पाय कुठे गेले म्हटले, तर म्हणाली, तिकडची आजी म्हणते हे पाय आता गेलेत. मग हळूहळू सगळेच बाहेर आले. पुढच्या महिन्यात दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया, सहा आठवडे अंथरूण, शाळा सुटल्यावर पोर संध्याकाळी सातपर्यंत पाळणाघरात, आणि वर ‘तिकडच्या आजीला सांगू नकोस’. सात वर्षांच्या पोरीला गुपित सांगणे म्हणजे चाळणीत पाणी ठेवणे. माझी एकेक दाढ केव्हा पडली ते तुम्हाला माहीत, आणि तुमचे गुडघे मला एका चित्रावरून कळावेत? वहीचा राग वहीवर काढायचा, गुडघ्यांवर नाही.

औषधे वेळेवर घ्या. डॉक्टर म्हणेल तेवढे निमूट ऐका, तुम्हाला ते जड जाईल.

तुमची
विहीण
(कागदात हे नाते मोडल्याचे कुठे लिहिलेले नाही, मी पाहून घेतले.)

ता. क. विजेच्या बिलाचे खोटे आहे. बिल मीच भरते, चिरंजीवांना खण कुठला तेही माहीत नाही. वही मी दिली. वकील म्हणाला, एवढ्याने शनिवार दुप्पट होतील, आणि मला लोभ सुटला. वाढला एकही नाही, तुमचा बाक मात्र गेला. लॉन्ड्रीत डाग आपल्या हातून पडला तर दुकान नुकसान भरून द्यायचे.

आणखी एक. म्हणून भरून द्यायला मी येते. सहा आठवडे, तुमच्याकडे. पोरीला इकडे हलवायचे नाही, तिची शाळा तिकडे, तिची उशी तिकडे. मी तिला शाळेतून आणीन, आणि तुम्हाला दारापासून खिडकीपर्यंत चालवीन, शिव्या द्या हव्या तर. कोर्टाला विचारायला नको. कागदात आजी कुठेच नाही, म्हणजे आजीला मनाईही कुठेच नाही. तुमची लेक माझ्याशी बोलली नाही तरी चालेल, तशी ती सून असतानाही कामापुरतेच बोलायची. गादी माझी मी आणते. घोरते, हे आधीच लिहून ठेवते, मागाहून तक्रार नको.

आणि शेवटचे. रविवारी परत पाठवण्याआधी बूट घेतले. तेरा बसला. मोज्यांसकट.

उत्तर तुम्ही स्वतः लिहायचे, तुमच्या हाताने. तुमच्या लेकीने नाही, वकीलबाईने नाही, आणि त्या विमावाल्याने तर नाहीच.