झांज फ्रीजपाशीच होती

शनिवार, संध्याकाळ. भांडुप.

सुनील आठवडाभर मला एकटीला बाजारात जाऊ देत नाही. का, तर त्या दिवशी मागून रिक्षा आली नि मी सरकले नाही. "आये, तुला ऐकायला येत नाही." पोटचा मुलगा मला बहिरी म्हणतो! अरे, तुझी प्रत्येक हाक ओ देण्यालायक असते का?

आज नातीने, सानिकाने, तिचे मोठे हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि डबलबारीचं, दोन बुवांच्या सामन्याचं भजन लावलं. एक बुवा खिडकीकडे, दुसरा दाराकडे, नि झांज डावीकडे, फ्रीजपाशी. मी मान वळवली, तर झांज माझ्याबरोबर फिरलीच नाही. एरवी कानात काही घातलं की अख्खी मंडळी डोक्याला बांधल्यासारखी फिरते. ही आपली मांडी घालून बसलेली. भुताटकी मेली! सानिका म्हणाली, "आजी, मान कुठे वळली ते हेडफोनला कळतं, म्हणून आवाज जागेवरच राहतो."

सानिकाने मला डोळे मिटायला लावून गरगर फिरवलं. "आजी, आता झांज कुठे?" मी बोट केलं. फ्रीज. पुन्हा फिरवलं. फ्रीजच.

सुनील म्हणतो, "आये, ते मशीन आहे. रस्त्यावर काय करशील?"

म्हटलं, "रस्त्यावर डोळे उघडे असतात रे."

मग ती रिक्षा मला ऐकू आली होती का? आली होती. रस्ता माझाही आहे, म्हणून सरकले नाही.

उद्या बांगडे आणायला एकटी जाणार. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे त्याला लहानपणीच शिकवलंय. मारलीच, तर ऐकू येईल. वळणार नाही.