नागपूरला पोचलेलं उत्तर

मंगळवार, पनवेल. जेवणाआधी.

लिहूनच टाकते. आज आमच्या रिपीटरवर, म्हणजे रेडिओचे संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर, नागपूरहून एक आजोबा हाक मारत होते, "कोणी आहे का?" इथले सगळे ज्येष्ठ हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, उत्तर देत होते, तरी पुन्हा तेच, "कोणी आहे का?" त्यांच्यातले सावंतकाका वैतागले. "कान साफ करून या म्हणावं!"

मला कारण कळलं होतं. आजोबांची हाक जोडलेल्या रिपीटरमार्गे पनवेलला येत होती. आपलं उत्तर मात्र सेटमध्ये परतीचा मार्ग घातल्याशिवाय पनवेलबाहेर जातच नाही. पण माझा परवाना अगदी नवा, मोठ्यांच्या मध्ये कशी बोलू? आणि चुकले तर? नाव बाबांचं खराब होणार. रेडिओवरचा मोर्स कोड मला त्यांनीच शिकवला, शाळेत जायच्याही आधी. सेटची माहितीपुस्तिका पुन्हा पाहिली. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "कोणीच नाही. बंद करतो आता."

मग मात्र मार्ग घातला आणि बोललेच.

"अहो ताई, आलं नं ऐकू! मी तं सेट विकाले काढणार होतो!"

काकांना मध्येच तोडलं, ते उद्धट झालं का? नंतर माफी मागितली. काका हसले. "माफी कसली, पोरी? इतका वेळ आम्ही आपल्याच गावाला ओरडून सांगत होतो की!"

बाबा शेजारीच बसले होते. मग त्यांनी आपला सेट माझ्यापुढे ठेवला. "हे मला येत नाही. शिकव."