सुकेळ्यांचे फार जवळून काढलेले फोटो

मु. निर्मळ

आदरणीय एमिली मावशीस,

तुझ्या भाच्याचा, क्लिफर्डचा मनापासून नमस्कार. गोखिवऱ्याला ज्युलीकडे तुझा गुडघा आता बरा असेल. लेकीच्या घरी गुडघ्याला काम तरी काय असतं म्हणा! इकडे तुझी सून रोझलीन, मी आणि केळी ठीक आहोत (केळी जरा जास्तच पिकली आहेत).

तू गोखिवऱ्याला जाण्याआधी पिकली केळी उन्हात वाळवून सुकेळी करत होतीस, तेव्हा मी मोबाइलला चिमुकलं भिंग लावून तुझ्याभोवती घिरट्या घालत होतो, आठवतं ना? अख्ख्या आळीत सुकेळी करणारी तू एकटी उरलीस. ती विद्या बुडू नये म्हणून मी प्रत्येक वस्तूचा फोटो काढला. ("मेल्या, बाजूला हो, ऊन अडवतोस," असं तू म्हणालीस, तेही मी शिकवणीतच धरलं.)

परवा त्या फोटोंवरून सुकेळी करायला घेतली. एका फोटोत नुसती सुरीची धार, दुसऱ्यात दोरीचे तंतू. तिसरा बघून रोझलीन म्हणाली, "हे केळं हाय की माझी टाच?" मला छातीठोक सांगता येईना. केळी उन्हातून कधी उचलायची, पानात कधी गुंडाळायची, हे एकाही फोटोत नाही. मग अंदाजाने वाळवली. त्यांच्यावर पांढरी नाजूक नक्षी उमटली. मला वाटलं, आतली साखर बाहेर आली! लगेच भिंग लावलं. फोटो असा देखणा आला की घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी वाहवा केली, आणि आपल्या रेमंडने तो नाताळच्या शुभेच्छापत्रांवर छापूनही घेतला. नंतर रोझलीनने चष्मा लावून पाहिलं. बुरशी होती. (रेमंडला अजून कळवलेलं नाही. पत्रं वाटून झाली आहेत.)

पण मी हिरमुसलेलो नाही हं! त्या ढिगात एक सुकेळं साधलं, अगदी मधाच्या रंगाचं. रोझलीनने अर्धं तोंडात टाकलं आणि डोळे मिटून तुझं नाव घेतलं. मला केवढा आनंद झाला सांगू! एक जमलं, म्हणजे टोपलीभरही जमतील. ते कसं जमलं एवढंच ठाऊक नाही, कारण तेव्हा मी बुरशीचे फोटो काढत होतो.

ज्युलीला आशीर्वाद, तुला गोड पापा.

तुझाच,
क्लिफर्ड

ता. क. चर्चच्या आवारातल्या नाताळच्या स्टॉलसाठी मी सुकेळी कबूल करून बसलो आहे. तुझ्या नावावर. तू नुसती खुर्चीत बसून ओरडायचं, हात आमचे.

आणखी एक ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलंच असशील. मी खाली रिक्षात बसलो आहे. चपला घाल, गुडघ्याच्या तेलाची बाटली घे आणि ये.