देव तीन दिवस शेजारी

१ फेब्रु. ५५, मंगळ.
बाबू-शांतीची खरूज परत उफाळली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर. गंधकाचं मलम चोळून चोळून माझ्याच हातांना वास बसलाय. रिसोडहून भाऊ आला, सुमीच्या लग्नाचं सांगून गेला. वर म्हणाला, "आई म्हनते, पोरायची खरूज गेली त आन. नाई त एकटीच ये. लोकं नावं ठेवतीन." धाकट्या बहिणीचं लग्न. पण शांती अजून अंगावर पिते, तिला टाकून कशी जाऊ?

४ फेब्रु., शुक्र.
दवाखान्यात डॉक्टर चिडले. मलम घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी, मानेपासून तळव्यांपर्यंत. तीन दिवस आंघोळ नाही, मग अंथरुणं उकळायची. मी लावलं होतं, ह्यांनीही कुरकुरत लावलं. सासूबाईंनी नाही, आणि पोरं निजतात त्यांच्याच गोधडीत. आज परत विचारलं. "मले कायची खाज? अन् बिनआंघोळीची देवाले हात लावू का?" झालं. ह्यांना सांगितलं तर, "तुमचं तुमी पाहा." कंटाळा आलाय सगळ्याचा.

८ फेब्रु., मंगळ.
शांतीने खाजवून रक्त काढलं. सासूबाईंनी पाहिलं. मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, देव तीन दिवस शेजारच्या काकूकडे ठेवू." त्या उठल्या, स्वतःच ताम्हनात देव घेऊन गेल्या.
सगळ्यांना परत मलम लावलं; शेवटी सासूबाईंनी पाठ उघडी केली आणि माझा हात थांबला. पाठभर ओरखडे, जुने, नवे.
"कवापासून?"
"दिवाळीपासून."
"सांगतलं काहून नाई?"
"कोनाले सांगू? तुये सासरे गेले तवापासून माया पाठीले कोनाचा हात लागला नाई."
रागही आला, रडूही आलं. चोळत राहिले.

१२ फेब्रु., शनि.
काल आंघोळी, अंथरुणं, सगळं उरकलं. देव घरी आले. कंबर मोडली. पुटकुळ्या सुकल्यात, पण पोरं खाजवतातच. डॉक्टर म्हणाले, खाज जायला वेळ लागेल, आता ती दुसऱ्याला लागायची नाही. हे आईला कोण पटवणार? उद्या रिसोडची मोटार. जाऊ की नको, ह्यात दिवस गेला.
संध्याकाळी पाहते तर ट्रंकेत सासूबाईंचंही लुगडं.
"मीबी येतो. पोरं खाजवतीन त मीबी खाजवीन त्याहिच्या संगं. पाहू कोन नावं ठेवते."
खूप दिवसांनी हसले. आई काय म्हणेल, कोण जाणे.