काढलेल्या पाच ओळी

प्रिय मास्तरीणबाई,

तुझं पत्र काल मिळालं. तुझ्या वर्गातली ती अडखळत बोलणारी मुलगी तीन आठवडे शाळेत आलेली नाही आणि महिनाअखेरीस तिचं नाव पटावरून जाईल, हे वाचून मी ताट बाजूला सारलं. घड्याळ लावून मिनिटाला किती शब्द वाचले ते मोजायचं आणि आकडा भिंतीवर लावायचा, तोही रोज! ही अक्कल ज्या कुणी पाजळली त्याला एकदा माझ्या वर्गासमोर उभं करून वाचायला लावते, असं तू लिहिलंस. बरोबरच लिहिलंस.

आमचं काम तुला माहीत आहे. शिक्षणावरची ढीगभर संशोधनं वाचायची, गाळायची आणि अधिकाऱ्यांना, शिक्षकांना कळेल असा दोन पानी गोषवारा काढायचा. दोनच पानं, कारण साहेबांच्या मते तिसरं पान कुणी उलटत नाही. गेल्या महिन्यात आमच्या एका गोषवाऱ्याला बक्षीस मिळालं. गुच्छ काय, फोटो काय, मुलांच्या कल्याणावर पाऊण तास भाषण काय! अख्ख्या सभागृहात वर्गावर शिकवणारं एक माणूस नव्हतं. मलाही वर बसवलं होतं. टाळ्या वाजवताना स्वतःच्याच हातांची शिसारी आली गं.

तुला आठवतं, लहानपणी तूही अशीच अडायचीस? टेबलाखाली शिरून, माझ्या फ्रॉकची कड मुठीत धरून वाचायचीस. एका पानाला कधी कधी अर्धा तास लागायचा. आई हाका मारून दमायची, पण तू पान संपवल्याशिवाय मी हलायची नाही. आज चाळीस पोरांपुढे तू घडाघडा बोलतेस.

आता ऐक. शाळाशाळांत घड्याळं आली ती त्याच बक्षीस मिळालेल्या गोषवाऱ्यामुळे, आणि तो मी लिहिला. छत्तीस अभ्यास होते. त्यातल्या चारांत स्वच्छ म्हटलं होतं की अडखळणाऱ्या मुलांना घड्याळ लावू नका, ती बोलणंच टाकतात. वाचताना तूच डोळ्यांपुढे होतीस. मी तसं लिहिलंही. पण मजकूर पाच ओळींनी तिसऱ्या पानावर गेला. साहेब म्हणाले, पाच ओळी काढ. कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. एक रंगीत आलेख होता, फार देखणा उतरला होता, तो काढवेना. म्हणून मी त्या ओळी काढल्या. थू माझ्या जिनगानीवर! त्या ओळी आणि ते चारही अभ्यास माझ्या सहीनिशी सोबत जोडले आहेत. साहेबांना विचारलेलं नाही, नोकरीचं काय व्हायचं ते होवो. मुख्याध्यापकांना दाखव आणि त्या मुलीच्या घरी जा. मी शनिवारी येते आहे. तिला सांग, आधी मी वाचणार आहे, सगळ्या वर्गासमोर, आणि घड्याळ तिच्या हातात असेल.

तुझीच,
ताई