खाली कातळ आहे

अण्णा, परवापासून एकच रेघ काढते आहे आणि खोडते आहे. ठाण्याला घोडबंदर रोडवर एका सोसायटीची बाग करायला घेतली आहे, तिच्यातल्या एका वाफ्याची उंची काही केल्या ठरत नाही. तुम्हाला आधी हे सांगायला हवं की आता बागा जमिनीवर होत नाहीत. खाली गाड्या उभ्या असतात, त्यांच्यावर स्लॅब आणि स्लॅबवर बाग. जमीनच नाही म्हटल्यावर माती पेट्यांत भरायची, म्हणून हे उंच वाफे. हल्ली त्यांना फार मागणी आहे. सगळं सरळ रेघांत, मधून फरशीची वाट, कडेला बसायला बाक. पेट्यांना बाहेरून लोखंडी पत्रा लावायचा आणि तो मुद्दाम गंजू द्यायचा, कारण गंजाचा रंग लोकांना आवडतो. तुम्ही पोट धरून हसला असतात. आपल्या मागच्या दारचं पिंप गंजलं तेव्हा ते भंगारात घाला म्हणून आईने तुमच्यामागे भुणभुण लावली होती, आणि तुम्ही त्यात पुदिना लावून मोकळे झाला होतात. म्हणजे मॉडर्न बाग आधी मोहने गावातल्या आपल्या चाळीत झाली, ठाण्याला ती फार उशिरा पोचली.

खरं सांगायचं तर तुम्हाला बागेतलं फारसं काही येत नव्हतं. कंपनीत मशीन नुसतं कानाने ऐकून बिघाड सांगणारा माणूस, पण वांग्याचं रोप हातात आलं की घोटाळा. पाणी एक तर इतकं घालायचात की मुळं कुजायची, नाही तर ओव्हरटाइमच्या आठवड्यात विसरूनच जायचात. एकदा तुम्ही मोठ्या तोऱ्यात परडीभर वांगी आत आणून ठेवली आणि आईने पहिलं चिरताच कपाळाला हात लावला. "अहो, ही वांगी आहेत की किड्यांची चाळ? प्रत्येक खोलीत बिऱ्हाड आहे." तुम्ही म्हणालात, "किडे खातात म्हणजे गोड असणार." ती भाजी झाली, आपण खाल्ली, आणि ती कडू होती. तरी आमच्यापैकी कुणी तोंड वाकडं केलं नाही, कारण तुम्ही दोनदा वाढून घेतलीत.

खोल्यांच्या मागची ती मातीची पट्टी आता मला स्वप्नातही दिसते. शिफ्टचा भोंगा होतो, तुम्ही येता, शर्टाला कंपनीचा वास, तो शर्ट दोरीवर टाकता आणि बनियनवरच मागे जाता. दादा उकिडवा बसून तण काढतो आहे. आई मोरीजवळच्या अळवाची पानं कापते आहे. मी पायरीवर. डाव्या पायाला पट्ट्यांचा जड बूट, गुडघा वाकत नाही, त्यामुळे उकिडवं बसणं नाही आणि बसल्यावर आपलं आपण उठणंही नाही. पोलिओ झालेली मुलं तेव्हा चाळीचाळीत असायची, त्यामुळे कुणी मुद्दाम काही बोलत नसे. पण "तू बस हां बाळा" हे मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की बसण्याचाच मला राग यायचा. तुम्ही मात्र माझ्या पायाबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत. तेव्हा मला वाटायचं, तुमचं लक्षच नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही सायकलच्या कॅरिअरला गोणपाट बांधून नदीकाठच्या भट्टीवरून विटा आणायला लागलात. भाजताना वाकड्या झालेल्या, कुणी न घेतलेल्या. पट्टीच्या टोकाला, पायरीजवळ, तुम्ही त्या रचायला घेतल्या आणि रचतच गेलात. चाळीतले लोक येऊन बघून जायचे. कुणी विचारायचं, विहीर बांधताय का उलटी? मी पायरीवरून विचारलं, "अण्णा, हा वाफा एवढा उंच का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "खाली कातळ आहे. मुळांनी जायचं कुठे?" मग मी विचारलं, सगळ्यात खालचा थर आत का घेतला. तुम्ही म्हणालात, विटा कमी पडल्या. आणि वरची कड एवढी रुंद का केली, तर म्हणालात, विटा उरल्या. वाफा भरला तेव्हा मी त्याच्यासमोर उभी राहिले. बूट खालच्या खोबणीत बरोबर गेला. कोपर वरच्या कडेवर टेकलं. दोन्ही हात मातीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही कल्याणच्या बाजारातून एक छोटं खुरपं आणलंत, त्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलीत आणि माझ्या हातात देऊन म्हणालात, "हा वाफा तुझा. मेथी टाक. नाही उगवली तर मला सांगायला यायचं नाही."

उगवली. माझी मेथी तुमच्या वांग्यांपेक्षा कितीतरी बरी होती, हे सगळी चाळ सांगेल. पण एका मे महिन्यात मी शेजारी पत्ते खेळत बसले आणि वाफ्याला पाणी घालायचं विसरले. तुम्ही दुपारी आलात, हातात डबा तसाच, आणि मागून असे ओरडलात की शेजारचा डाव तिथेच मोडला. "वाफा कुणाचा आहे? मेथी माना टाकून पडली आहे, आणि बाईसाहेब कुठे आहेत?" मी रडायला लागले. आई मध्ये पडली, "तिला कशाला बोलता? तिला बादली उचलवत नाही." त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मला अजून तुमच्या आवाजात ऐकू येतं. "बादली नको, तांब्याने घालू दे. दादाला बोलतो तसंच तिलाही बोलणार." मी रडत रडत तांब्यांनी पाणी घातलं. इतका आनंद मला त्याआधी कुणाच्या कौतुकानेही झाला नव्हता. अण्णा, मी पुढे हेच काम करायला लागले ते त्या दुपारमुळे.

आता माझ्या रेघेकडे येते. या सोसायटीचे सेक्रेटरी मोठे उत्साही गृहस्थ आहेत. मीटिंगमध्ये म्हणाले, "मॅडम, एका साइडला सीनियर सिटिझन कॉर्नर करू या. दोन उंच बेड, वॉकरवाल्यांना पण जमेल असे. वर मस्त बोर्ड लावू, ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी राखीव. उद्घाटनाला फोटो पण भारी येतील." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मीटिंगला एक काका आले होते, वॉकर घेऊन. अर्धांगाच्या झटक्यातून उठलेले, मुलाकडे राहतात. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "आमची कोपर गावात वाडी होती. मुळा, माठ, पालक. आता तिथे टॉवर आहेत. मातीत हात घालून किती वर्षं झाली, आठवत पण नाही." मी म्हटलं, मग आता घाला, तो उंच वाफा तुमच्यासाठीच आहे. मी असं म्हणायला नको होतं. त्यांचा चेहरा एकदम मिटला. "माझ्यासाठी वेगळं काही करू नका. त्या बोर्डाखाली मी उभा राहणार नाही. जिन्यातून बघेन मी तुमची बाग," म्हणाले आणि वॉकर वळवून निघून गेले. मला माझाच राग आला. त्या माणसाला हवी होती मूठभर माती, आणि मी ती त्याच्यापुढे "तू बस हां बाळा" म्हणत धरली होती.

तेव्हापासून कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. वाफ्याचा छेद काढायचा, म्हणजे बाजूने कापून दाखवायचा. पुस्तकात असतं तसं खाली पाय जायला खाच काढली, वर टेकायला रुंद कड काढली, आणि पेन्सिल थांबली. अण्णा, एकाच वाफ्याला खाली विटा कमी पडतात आणि वर उरतात, असं कसं होतं? इतक्या बागा केल्या मी, आणि तुमच्या या दोन उत्तरांचा मेळ बसत नाही हे मला आत्ता दिसलं. मी पेन्सिल ठेवून हसत सुटले, आणि मग हसणं राहिलं बाजूला, डोळेच पुसत बसले. त्या वाफ्याची उंची मोजून आणावी म्हणून आज सकाळी मोहन्याला जाऊन आले.

चाळ अजून आहे, आपल्या खोलीत दुसरे लोक आहेत, पण शेजारच्या काकू तिथेच. मला बघून म्हणाल्या, "अगं, किती वाळलीस! चहा टाकते." मी वाफा विचारला. "तुझा वाफा? तो कधीच ढासळला गं. विटा आमच्या मोरीला लागल्या, अण्णांनाच विचारून घेतलेल्या." त्या जागेवर आता केळींचं बेट आहे, चांगलं माजलेलं. मी म्हटलं, "काकू, इथे तर कातळ होता ना खाली?" काकू हसायला लागल्या. "कुठला कातळ? नदीचा गाळ आहे सगळा. हे बघ." त्यांनी हातातली काठी टेकवून दाबली आणि ती सहज आत गेली. "अख्ख्या चाळीला पढवून ठेवलेलं तुझ्या बापाने. पोरीने विचारलं तर खाली कातळ आहे म्हणायचं. आमचे हे सुद्धा तुझ्यासमोर कपाळ धरून म्हणायचे, काय तो कातळ, पहार बसत नाही. आठवतं?" आठवत होतं. ज्या चाळीत कुणाच्या घरी आज काय शिजलं ते लपत नसे, तिथे हे लपलं. मी गप्प झाले. काकूंना वाटलं मला धक्का बसला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चहात जास्तीची साखर घातली.

इथवर लिहून हे पत्र बाजूला पडलं होतं. मध्ये पावसाळा गेला, बाग झाली. सेक्रेटरींना मी सांगितलं की कॉर्नर जमणार नाही. स्लॅबचा उतार असा आहे की पाण्याचे पाइप वाफ्यांच्या खालून न्यावे लागतील, त्यामुळे वाटेवरचे बरेच वाफे उंच घ्यावे लागणार, काही कमी, काही जास्त, बागभर. चेहरा अगदी गंभीर ठेवून सांगितलं. ते म्हणाले, "टेक्निकल इश्यू असेल तर प्रश्नच नाही. पण मग बोर्ड कुठे लावायचा?" मी म्हटलं, "लावा ना. फुलं तोडू नयेत असा लावा." तो लावला आहे, आणि सोसायटीतल्या सगळ्या आज्या रोज त्याच्याच शेजारची फुलं तोडतात.

काका पहिले काही दिवस आले नाहीत. काल संध्याकाळी मी रोपं बघायला गेले होते, तर ते जिन्यापासच्या वाफ्यापाशी उभे. मला विचारलं, "हा एवढा उंच का घेतला?" मी म्हटलं, "खाली पाइप आहेत." त्यांनी वॉकरच्या पायाने तळाशी पत्र्यावर हळूच टकटक केलं. आत पोकळ वाजलं, पाइपबिइप काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बुटाकडे, मग परत माझ्याकडे. "हं. असतील," म्हणाले. कोपर कडेवर टेकलं, चांगला हात मातीत घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग मला दटावल्यासारखं म्हणाले, "माती फार दाबली आहे तुम्ही. मुळा कसा धरेल? बी कुठे आहे?" मी पळत जाऊन बी आणलं. पळत म्हणजे माझ्या चालीने, तुम्हाला माहीत आहे.

हे पत्र मी कुठे टाकणार? घडी करून रेखाटनांच्या नळीत सरकवून देईन. समोर टेबलावर तुमचं खुरपं आहे, मुठीची ट्यूब वितळून चिकट झाली आहे, पेन्सिली तासल्यावरचा भुसा तिला चिकटतो. काकूंची काठी जमिनीत गेली तेव्हा मी का गप्प झाले, ते फक्त तुम्हाला सांगते. तो वाफा नवा होता तेव्हाच एकदा, बूट जायचा त्या खोबणीच्या पुढ्यात, मी वाकून हे खुरपं जमिनीत खुपसून पाहिलं होतं. ते मुठीपर्यंत आत गेलं. मी ते काढलं, भोक बुजवलं आणि वरून हाताने माती सारखी केली. तेवढ्यात तुम्ही मागे आलात आणि विचारलंत, काय चाललंय? मी म्हटलं, "काही नाही अण्णा. कातळ किती कडक आहे ते बघत होते."