विहिरीकडची माती

मदन महल, जबलपूर
६ नोव्हेंबर २०२३

ती. भाऊ यांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडणं जमत नाही, तेव्हा आपलं हे पोस्टच बरं. लतावहिनी आता आधाराने बसते हे वाचून हायसं वाटलं. पक्षाघातानंतर ती कशात लक्षच घालत नाही म्हणून मी फार धास्तावले होते. मिठावरून तुझ्याशी भांडायला लागली की समजायचं, बरी झाली.

इकडची बातमी चांगली नाही. निवृत्तीनंतरही कॉलेजने माझ्या शेवाळांसाठी एक खोली राहू दिली होती, ती आता नवे विभागप्रमुख परत मागताहेत. डिसेंबरअखेर रिकामी करायची आहे. मी म्हटलं, या काचेच्या नळ्यांत जिवंत जीव आहेत. तर हसून म्हणाले की मॅडमजी, काई तो नाली में भी मिल जाती है. माझ्या शेवाळांना गटारातली म्हटल्यावर अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नर्मदेतली, बरगीच्या धरणातली शेवाळं पुन्हा आणता येतील. बाबांच्या तळ्यातला जीव कुठून आणू? फॅक्टरीच्या क्वार्टरमागचं तळं तुला आठवत असेल. मी एम.एस्सी.ला असताना बाबा कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि लोणच्याच्या बरणीत मला पाणी भरून दिलं. त्या पाण्यात हा सापडला. एका पेशीचा, हिरवा, दोन बारीक शेपट्या हलवत उजेडाकडे पोहणारा. पुढे तळं बुजवलं, तिथे घरं झाली. बाबाही गेले. हा तेवढा माझ्या नळ्यांत राहिला, दर महिन्याला ताज्या माती-पाण्यात हलवत मी त्याला जगवलं. दुसरीकडे कुठे सापडल्याची नोंद मला अजून मिळालेली नाही.

आता एकच आशा आहे. माझी जुनी विद्यार्थिनी शरयू पुण्याच्या एका संस्थेत असे जीव कायमचे जपून ठेवण्याचं काम करते. त्यांचा नवा कक्ष मार्चमध्ये सुरू होईल, तेव्हा ती याला ठेवून घेणार आहे. तोवर घरच्या खिडकीत त्याला तगवायचं आहे. म्हणून नेहमीसारखी माती पाठव. विहिरीकडच्या पट्ट्यातलीच, जिथे तू खत-औषध घालत नाहीस. तिच्यावर तो जसा धरतो तसा दुसऱ्या कशावर धरत नाही. आणि मागच्या खेपेला मातीबरोबर मुंग्यांचं अख्खं वारूळ आलं होतं. वहिनीला सांग, नणंदेला माती द्यायची तर निदान निवडून तरी द्यावी.

माया पातळ होऊ देऊ नये, एवढं मागणं.
तुझी,
हर्षा

उमरेड
२३ नोव्हेंबर २०२३

चि. हर्षा हीस,
अ. उ. आ. आणि जय भीम.

सोबत मातीचं पार्सल आहे. मुंग्यांची तक्रार मी तुझ्या वहिनीला वाचून दाखवली आणि मोठंच काम झालं. किती दिवसांनी ती हसली. मग म्हणाली की हर्षाबाईला म्हणा, आता मुंगी दिसली तर नाव बदलून टाकीन. खाटेवरून उतरून बसली आणि परातीत माती घेऊन डाव्या हाताने चाळली. उजवा अजून मांडीवर पडलेलाच असतो. मी मदतीला गेलो तर मला हाकललं. पुढचा बंदोबस्त काय केला ते मला सांगत नाही. म्हणते, एवढी एक गोष्ट माझी मला करू द्या.

बाबांच्या तळ्याचं वाचलं. त्या तळ्यात मी पोहायला शिकलो आणि मारही तिथलाच खाल्ला. त्यातलं काहीतरी अजून हलतं-डुलतं आहे, ही तुझी कमाल. पुण्याला पाठव आणि मोकळी हो. विभागप्रमुखाच्या नादी लागू नकोस.

तब्येत सांभाळ आणि आम्हां म्हाताऱ्यांना विसरू नकोस.
तुझा,
जगदीश

मदन महल, जबलपूर
२८ डिसेंबर २०२३

ती. भाऊ यांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

माती पोचली. वहिनीला सांग, तिच्या मैद्याच्या चाळणीला माझा सलाम. माती नेहमीप्रमाणे वाफवून, पाणी घालून नळ्या भरल्या आणि जुन्या नळ्यांतून सगळ्या जीवांचा थेंब-थेंब त्यांत सोडला.

एरवी नव्या नळ्या हिरव्या दिसेपर्यंत मी जुन्या टाकून देत नाही. यंदा ते जमलं नाही. खोलीला अचानक कुलूप लावायचं ठरलं आणि हाती धरता येईल एवढा एकच स्टँड घेऊन मला रिक्षात बसावं लागलं. जुन्या नळ्या तिथेच राहिल्या, दुसऱ्या दिवशी गेले तर धुऊन उपड्या घातलेल्या होत्या. वाईट वाटलं, पण नवी माती आपल्या घरची, तिने आजवर कधी दगा दिलेला नाही. म्हणून निर्धास्त आहे.

लोभाची बाजू तुझ्याकडेच भारी राहो.
तुझी,
हर्षा

मदन महल, जबलपूर
१९ जानेवारी २०२४

ती. भाऊ यांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

भाऊ, नळ्या हिरव्या झाल्या नाहीत. हा जीव उजेडाकडे जातो, त्यामुळे खिडकीच्या बाजूला काचेवर हिरवी कड धरते. रोज सकाळी आधी ती कड बघायची आणि मग चहा ठेवायचा, अशी माझी सवय. या वेळी कड आलीच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली घेतले तर शेपट्या गळालेले, गोल होऊन तळाशी पडलेले. आता तर तेही विरघळले. एका नळीत काही हलतं असं वाटलं म्हणून जीव टांगणीला लागला. पाहिलं तर हलत होता तो माझा हात.

कारण सापडत नाही. पाणी बदलून पाहिलं, खिडकी बदलली, थंडीला दोष दिला. आता वाटतं माझंच काही चुकलं. हात कापतो, नजर गेली, उगाच हौस करत बसले. शरयूला अजून कळवलेलं नाही. काय तोंडाने कळवू? बाबांनी दिलेली एकच गोष्ट होती आणि ती माझ्याच हातून गेली. जेवण जात नाही. स्वयंपाक करते आणि झाकून ठेवते.

तुझ्याशिवाय हे कुणाला लिहू?
हर्षा

उमरेड
१ फेब्रुवारी २०२४

चि. हर्षा हीस,
अ. उ. आ. आणि जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वहिनीला अर्धंच वाचून दाखवलं. शेवाळ जरा सुकलं आहे एवढंच सांगितलं, कारण ती रोज विचारते की बाबांचा जीव पुण्याला पोचला का.

तू स्वतःला बोल लावू नकोस. थंडी यंदा फार आहे, आमच्याकडे तूरही मार खाऊन राहिली आहे. मातीचा तर प्रश्नच नाही. तुझ्या वहिनीने अखेर मला तिचा बंदोबस्त सांगितला. गव्हाच्या कोठीत किडे लागू नयेत म्हणून आपण त्या पाऱ्याच्या गोळ्या ठेवतो ना, त्याच तिने बत्त्याने चुरून मातीत मिसळल्या. डाव्या हाताने! म्हणून तर मुंगी नव्हती. आता पुढच्या वर्षासाठीही तिने डबा भरून ठेवला आहे आणि त्यात दुप्पट घातल्या आहेत. त्या दिवसापासून बाई रोज उठून बसते, भाजी निवडते, माझ्याशी मिठावरून भांडते. डॉक्टर म्हणाले की हिला असंच कामात ठेवा. तुझ्या मातीनेच तिला उठवलं, हे मी विसरणार नाही.

दोन घास खात जा. उलट टपाली कळव.
तुझा,
जगदीश

मदन महल, जबलपूर
१२ फेब्रुवारी २०२४

ती. भाऊ यांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

हे पत्र मनात वाच. वहिनीला वाचून दाखवायची चिठ्ठी वेगळी ठेवली आहे.

भाऊ, त्या गोळ्यांनीच सगळे मेले. पारा त्यांना विषासारखा लागतो. नळीत वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. शरयूला कळवलं.

तुझं पत्र आल्यावर मी वहिनीवर इतकी चिडले की भिंतीशी भांडत होते. मग तिचा तो डावा हात आणि बत्ता डोळ्यांपुढे आला. मुंग्यांवरून चिडवलं कुणी? मीच. आता कुणावर चिडू, ते कळत नाही.

तू एवढं कर. भरून ठेवलेला डबा तिच्या नकळत घराबाहेर काढ. शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नकोस, तसाच घट्ट बंद करून ठेव. तिने गोळ्या हाताने चुरल्या हे डॉक्टरांच्या कानावर घाल आणि गव्हातल्याही काढ. बाकी तिला काही सांगू नकोस. बाबांचं तळं तर गेलंच, आता वहिनीला पुन्हा खाटेवर पाडायचं नाही.

तुझी,
हर्षा

(सोबतची चिठ्ठी)

सौ. लतावहिनीस जय भीम.

वहिनी, तुझी माती पोचली. मुंगी औषधालासुद्धा सापडली नाही. इतकी मऊ चाळलेली माती मला आजवर कुणी दिली नव्हती. बाबांच्या जीवाचं तू रोज विचारतेस असं भाऊ लिहितो. तो आता माझ्याकडे नाही. जाताना जड गेलं, पण त्याला जपायची काळजी संपली. पुढच्या वर्षीची माती ठेवू नकोस, मला आता लागणार नाही. हात बरा कर.

तुझी नणंद,
हर्षा